बुडबुड्यांचा ओढा

शिकागो म्हटलं की आपल्याला आठवते १८९३ ची सर्वधर्मपरिषद आणि स्वामी विवेकानंद. त्याच वर्षी तिथे मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. ते बघायला आलेले हजारो लोक शहराच्या दक्षिणेला आणखी एक 'प्रेक्षणीय स्थळ' बघून जात. ते म्हणजे युनियन स्टॉकयार्ड्स, गुराडुकरांचा प्रचंड बाजार आणि त्याला लागून उभे असलेले मांसाचे कारखाने. शाकाहारी मंडळींनी लगेच नाक मुरडू नये. मांस खावं की नाही, हा आजचा विषयच नाही. ही गोष्ट आहे एका ओढ्याची.

हा बाजार सुरू झाला २५ डिसेंबर १८६५ रोजी. रेल्वे कंपन्यांनी एकत्र येऊन ३२० एकर दलदलीच्या जमिनीवर तो वसवला. पुढे आर्मर, स्विफ्ट वगैरे बडे कारखानदार आले. स्विफ्टने बर्फाने थंड ठेवलेल्या रेल्वेच्या डब्यांतून मांस पूर्वेकडच्या शहरांना धाडायला सुरुवात केली. तोवर जनावरं जिवंत जात आणि जिथली तिथे कापली जात. आता कापायचं काम एका जागी आलं. म्हणजे घाणही एका जागीच आली की!

कारखानदार उधळे मात्र मुळीच नव्हते. चरबीचा साबण, हाडांचा सरस, केसांचे ब्रश, रक्ताचं खत... डुकराच्या किंकाळीखेरीज आम्ही काही वाया घालवत नाही, अशी त्यांची फुशारकी असे. आणि ती बरीचशी खरी होती. आज आपण ज्याला कचऱ्यातून संपत्ती म्हणतो, ते त्यांनी तेव्हाच करून दाखवलं होतं.

पण ज्याला गिऱ्हाईक नाही त्याचं काय? धुवण्याचं पाणी, त्यात मिसळलेलं रक्त, चरबीचे गोळे, आतड्यांतली घाण, हे सगळं शिकागो नदीच्या एका फाट्यात जाई. प्रवाह जवळजवळ नव्हताच. तळाशी सगळं कुजायचं आणि वायूचे बुडबुडे वर यायचे. लोकांनी नाव ठेवलं 'बबली क्रीक', बुडबुड्यांचा ओढा. १९११ चा एक फोटो प्रसिद्ध आहे. ओढ्यावर साचलेल्या घाणीच्या सायीवर एक माणूस चक्क उभा आहे!

मग शहराने काय केलं? १९०० मध्ये एक भला मोठा कालवा काढून नदीच उलटी फिरवली. शिकागोची घाण मिशिगन सरोवरात जायची, म्हणजे शहराच्या पिण्याच्या पाण्यात. ती आता खालच्या अंगाला, मिसिसिपीच्या दिशेने निघाली. मिसुरी राज्याने कोर्टात धाव घेतली, पण १९०६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला तो त्यांच्या विरुद्ध. आपल्याकडे म्हणतात ना, दृष्टीआड सृष्टी. गंमत म्हणजे बुडबुड्यांच्या ओढ्याची घाण एवढं करूनही हटली नाही.

त्याच १९०६ साली अप्टन सिंक्लेअरची 'द जंगल' ही कादंबरी पुस्तकरूपाने आली. तिच्यात हा ओढाही आहे. सिंक्लेअरला दाखवायचे होते मजुरांचे हाल. वाचकांना किळस आली ती आपल्या ताटातल्या मांसाची. जूनअखेर मांसतपासणीचा कायदा झाला, कारखान्यांत सरकारी तपासनीस आले. ताट थोडं स्वच्छ झालं, ओढा होता तसाच राहिला. ताट आपलं असतं. ओढ्याकाठी राहत होते ते परदेशातून आलेले गरीब मजूर. मेरी मॅकडॉवेल नावाच्या समाजसेविकेने त्यांच्याच वस्तीत राहून या घाणीविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला. पुढे ओढ्याचे काही भाग चक्क बुजवून टाकण्यात आले.

खरं तर उपाय काही फार अवघड नाहीत. रक्त नाल्यात जाऊ न देता वेगळं गोळा करायचं, कारण पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. पाण्याचा पाइप सोडण्याआधी फरशी कोरडीच झाडून, खरवडून घ्यायची. चरबी तरंगवून काढायची. उरलेलं पाणी झाकलेल्या टाकीत जंतूंकडून कुजवून घ्यायचं. तेव्हा निघणारा वायू जाळून बॉयलर चालवता येतो. म्हणजे ओढ्यात जे बुडबुडे फुकट जात होते तेच, पण कामाला लावलेले! कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी अमेरिकेत देशपातळीवरचे नियम मात्र १९७४ साली आले. शिकागोचा तो बाजार १९७१ मध्येच बंद पडला होता.

बाजार गेला, कारखाने गेले, ओढ्याचे बुडबुडे काही थांबले नाहीत. तळाला बसलेला शंभर वर्षांचा गाळ अजून कुजतो आहे, आणि जोराचा पाऊस झाला की शहराचं सांडपाणीही त्यात येऊन पडतं.

मला या सगळ्यातून एवढंच कळतं, की ज्या घाणीला भाव मिळाला ती कारखानदारांनी आपणहून उचलली. जिला भाव नव्हता ती कायद्याचा बडगा आल्याशिवाय कोणी उचलली नाही, आणि तो बडगा यायला शंभराहून जास्त वर्षं लागली. नदी काय, बिचारी पोटात घेते. पण विसरत नाही.

असो. तुमच्या गावातही असा एखादा ओढा असेलच. त्याला लोक कोणत्या नावाने ओळखतात, जरूर कळवा.