मालगुजाराचा धर्मगुरू नको!

चामोर्शीकडून नागपूरला शिकावयास जाणाऱ्या मुलामुलींना हिस्लॉप महाविद्यालयाचे नाव ठाऊक असते. परंतु ज्यांचे नाव त्यास दिले गेले, ते रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप (१८१७–१८६३) ज्या ‘फ्री चर्च’चे मिशनरी होते, त्या मंडळीची जन्मकथा आपल्या कॅथलिक कुटुंबांतून क्वचितच सांगितली जाते.

१५६० साली स्कॉटलंडने रोमशी नाते तोडले आणि जॉन नॉक्स यांच्या प्रेरणेने तेथे प्रेसबिटेरियन मंडळी उभी राहिली. या मंडळीत बिशप नाहीत. कारभार पाळक आणि निवडलेले ‘वडील’ यांच्या सभा पाहतात. पवित्र शास्त्र हाच श्रद्धेचा अंतिम आधार, तारण केवळ देवाच्या कृपेने व त्याच्या निवडीने, आणि संस्कार दोनच : बाप्तिस्मा व प्रभुभोजन. सात संस्कार आणि प्रेषितांची अखंड परंपरा मानणाऱ्या आपल्या श्रद्धेहून ही श्रद्धा किती वेगळी, हे सांगावयास नको.

पुढे १७१२ च्या कायद्याने स्कॉटलंडमधील जमीनदारांना गावचा पाळक नेमण्याचा हक्क मिळाला. आपल्याकडे मालगुजाराने धर्मग्रामाचा धर्मगुरू ठरवावा, तसाच हा प्रकार! लोकांना नको असलेला पाळक त्यांच्यावर लादू नये, असे इव्हॅंजेलिकल पक्षाचे म्हणणे होते. न्यायालयांनी ते अमान्य केले. तेव्हा १८ मे १८४३ रोजी एडिंबरो येथील महासभेतून हे पाळक उठून बाहेर पडले. थॉमस चामर्स त्यांचे अध्यक्ष झाले. साडेचारशेहून अधिक पाळकांनी वेतन, घर आणि चर्च यांवर पाणी सोडले. ‘मंडळीचा मस्तक ख्रिस्त, सरकार नव्हे,’ हा त्यांचा दावा होता.

मुंबईचे जॉन विल्सन व कलकत्त्याचे अलेक्झांडर डफ हेही या नव्या मंडळीस मिळाले. १८४५ साली हिस्लॉप नागपुरास आले. १८४६ साली त्यांनी शाळा उघडली. त्यांनी गोंडांची भाषा व चालीरीती टिपून ठेवल्या. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटाजवळ ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. त्यांच्या टिपणांचे पुस्तक रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केले.

चांद्यात स्कॉटलंडच्याच एपिस्कोपल मंडळीने मिशन चालविले; ती मात्र बिशप मानणारी. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि हे दोन्ही प्रवाह एकत्र आले.

श्रद्धेतील अंतर खरे आहे. ते झाकण्यात प्रामाणिकपणा नाही. पण अकराव्या शतकात सम्राटाने बिशप नेमू नयेत म्हणून पोप सातवे ग्रेगरी झगडले आणि परागंदा अवस्थेत निवर्तले, हेही आपण विसरू नये. ख्रिस्तसभा धनिकाची वा सत्तेची बटीक नव्हे, एवढ्या एका गोष्टीपुरते ते पाळक आपले सख्खे भाऊ ठरतात. त्यांनी त्यासाठी राहते घर सोडले. आपण काय सोडू, हा प्रश्न प्रत्येक धर्मग्रामाने स्वतःस विचारावा.