ओळखीचे द्वैती तारे आणि अवकाशातील गुरुत्वीय लहरींचा वेध

गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर पहिल्यांदा टिपल्या गेल्या त्या १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतील लायगो वेधशाळांत. त्या कृष्णविवरांच्या टकरीतून आल्या होत्या. अशी घटना कधी घडेल हे आधी सांगता येत नाही. जिथून लहरी सतत येत असणार असे तारे मात्र आपल्याला ठाऊक आहेत. त्यांची माहिती आम्ही येथे देत आहोत.

सूर्यासारखा तारा विझत आला की मागे श्वेतबटू उरतो. आकाराने पृथ्वीएवढा, पण अतिशय घन. असे दोन श्वेतबटू एकमेकांभोवती काही मिनिटांत फेरी मारतात तेव्हा गुरुत्वीय लहरी उठतात. एका फेरीत लहरीची दोन आवर्तने होतात. कर्क राशीतील एचएम कँक्री या जोडीची फेरी सुमारे ३२१ सेकंदांची आहे. झेडटीएफ जे१५३९+५०२७ या जोडीची फेरी जेमतेम सात मिनिटांची. ही जोडी २०१९ मध्ये पालोमार येथील झ्विकी सर्वेक्षणातून जाहीर झाली. कुरुंदवाडला जन्मलेले आणि हुबळीत वाढलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी त्या सर्वेक्षणाचे प्रमुख होते. लहरींतून ऊर्जा निघून जात असल्याने या जोडीचा फेरीचा काळ किंचित किंचित कमी होताना मोजला गेला आहे.

एवढ्या संथ लहरी जमिनीवर सापडत नाहीत, कारण जमिनीची बारीक थरथर त्यांना झाकून टाकते. म्हणून युरोपीय अवकाश संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये लिसा मोहिमेला अंतिम मंजुरी दिली. एकमेकांपासून सुमारे २५ लाख किलोमीटर अंतरावरची तीन याने त्रिकोण करून सूर्याभोवती फिरतील आणि लेझर किरणांनी आपसांतील अंतरातला सूक्ष्म फरक मोजतील. उड्डाण २०३५ च्या सुमारास अपेक्षित आहे. लागणारे तंत्र लिसा पाथफाइंडर यानाने आधीच तपासून दाखवले आहे.

ओळखीच्या ताऱ्यांचे महत्त्व इथे कळते. सोनार नवा तराजू आधी ठाऊक वजनावर पारखतो, तसेच हे आहे. या जोड्यांची दिशा आणि फेरीचा काळ दुर्बिणीने आधीच मोजलेला आहे. अपेक्षित लहर अपेक्षित जागी मिळाली, तर उपकरण बरोबर चालले आहे याची खात्री पटेल. ती मिळाली नाही, तर उपकरण, ताऱ्यांविषयीचे आपले अंदाज किंवा खुद्द आइन्स्टाइनचा सिद्धांत, यांपैकी काहीतरी पुन्हा तपासावे लागेल.