बंदुकीवरची दुर्बीण आणि अंतराचा प्रश्न

लांब पल्ल्याच्या शिकारीसाठी बंदुकीवर कोणती दुर्बीण बसवावी, हा प्रश्न वरकरणी दुकानातला वाटतो. वस्तुतः तो इतिहासातलाही आहे. शिकाऱ्याने आपल्यात आणि जनावरात किती अंतर राखावे, याची उत्तरे काळानुसार बदलत गेली आणि ती भिंगांत उतरत गेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडील हौशी शिकारीचे पर्व संपले. त्यामुळे ही कथा पाहण्यासाठी आपल्याला अमेरिकेत आणि मध्य युरोपात जावे लागते.

साध्या बंदुकीने नेम धरताना मागची खाच, पुढची माशी आणि दूरचे लक्ष्य ही तिन्ही डोळ्याला एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. दुर्बिणीने हा पेच सोडविला. लक्ष्य आणि नेमाची फुली तिने एकाच प्रतलात आणली. न्यूयॉर्क राज्यातील युटिका येथील मॉर्गन जेम्स या कारागिराने केलेल्या अशा दुर्बिणींचे वर्णन जॉन चॅपमनच्या ग्रंथात आढळते. १८५५ पासून सिरॅक्यूज येथील विल्यम माल्कम याने रंगदोष टाळणारी भिंगे वापरून अधिक चांगल्या दुर्बिणी घडविल्या. त्या यादवी युद्धातील नेमबाजांनी वापरल्या आणि १८७० च्या दशकात गवताळ मैदानांवरील काही बायसन-शिकाऱ्यांनीही. १८८९ साली विल्यम हॉर्नडे याने गणना केली, तेव्हा कोट्यवधींच्या कळपांतून जेमतेम हजारभर बायसन उरले होते. हा संहार केवळ दुर्बिणीने घडविला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आगगाडी आणि कातड्यांची बाजारपेठ यांचा वाटा कितीतरी मोठा होता. परंतु पाहणे सुलभ झाले म्हणून विवेक वाढत नाही, हा धडा तेथे मिळतो.

मध्य युरोपात गरज निराळी होती. तेथील शिकारी संधिप्रकाशात मचाणावर बसे. त्याला दूरचे मोठे दिसण्यापेक्षा अंधुक उजेडातले स्पष्ट दिसणे हवे होते. व्हिएन्नाच्या काहलेस कंपनीने १९०० साली टेलोरार ही दुर्बीण बाजारात आणली. पुढे त्या प्रदेशात ८×५६ ही जोडी रूढ झाली, आणि तिच्यामागे साधे गणित आहे. पुढच्या भिंगाचा ५६ मिलिमीटर व्यास आठपट वर्धनाने भागला की सात मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यापाशी येतो. अंधारात माणसाची बाहुलीही साधारण तेवढीच विस्तारते. वर्धन वाढविले की झोत बारीक होतो, अर्थात अधिक मोठे म्हणजे अधिक चांगले नव्हे. १९३५ साली झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला याने परावर्तनरोधक लेप शोधला आणि भिंगाच्या प्रत्येक पृष्ठभागावर वाया जाणारा सुमारे चार टक्के प्रकाश बव्हंशी वाचला. १९४७ साली अमेरिकेतील ल्यूपोल्डने नळीत नायट्रोजन भरून आत धुके धरण्याचा दोष घालविला.

इथवरच्या सुधारणा मुख्यतः नीट पाहण्यासाठी होत्या. आजची लांब पल्ल्याची दुर्बीण याच्या पुढे जाते. तिच्यावरील चकती एक मिलिरेडियन फिरविली की शंभर मीटरवर दहा सेंटिमीटरचा फरक पडतो. त्यामुळे गोळी किती खाली येईल, हे आधी गणित करून जुळविता येते. एक गोष्ट मात्र कोणत्याही भिंगाच्या हाती नाही. पाचशे मीटर जायला गोळीला अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ लागतो, आणि तेवढ्यात हरीण एक पाऊल टाकते. लक्ष्यफलकाला पाय नसतात, हरणाला असतात. वाऱ्याची मध्येच बदललेली दिशाही काचेतून मोजता येत नाही. चुकलेल्या अंदाजाची किंमत जखमी होऊन झाडीत शिरलेले जनावर मोजते. १८८७ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी स्थापन केलेला बून अँड क्रॉकेट क्लब म्हणूनच केवळ किती लांबून मारता येते हे अजमावण्यासाठी जनावरावर गोळी झाडण्याला शिकार मानत नाही.

तेव्हा दुर्बीण निवडणाऱ्याने वर्धनाचा आकडा शेवटी पाहावा, असे आम्हांस वाटते. आधी भिंगाची प्रकाशक्षमता पाहावी, मग चकतीचा नेमकेपणा आणि नळीचा टिकाऊपणा. त्याहीपूर्वी आपण किती अंतरापलीकडे गोळी झाडणार नाही, हे ठरवावे. पूर्वी ही मर्यादा डोळा घालून देत असे. दुर्बिणीने ती दूर केली, आणि ती घालण्याची जबाबदारी माणसाच्या विवेकावर आली.