धर्मगुरू नेमकं काय सांभाळतो? अंधेरीच्या जुन्या चर्चचा इतिहास

‘आजच्या ख्रिस्ती धर्मगुरूंपुढील आव्हाने आणि जबाबदाऱ्या’ असा विषय कुणी संशोधनासाठी निवडला, तर पहिली अडचण येते ती त्याच्या आकाराची. सेवा, त्याग, नेतृत्व हे शब्द मोठे आहेत, पण तपासायचे कसे? विज्ञानाकडून आलेल्या माणसाला सुचणारा उपाय साधा आहे: एक ठरावीक घटना घ्या आणि तिला प्रश्न विचारा.

अशी घटना अंधेरीतच आहे. सीप्झच्या आवारात आयटी कंपन्या आणि दागिन्यांच्या कारखान्यांच्या मधे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे अवशेष उभे आहेत. पोर्तुगीज जेझुइटांनी ते १५७९ मध्ये बांधलं. पुढे साष्टी बेट १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलं, १७७४ मध्ये ते इंग्रजांकडे गेलं. राजवटी बदलल्या तरी गावातलं चर्च चालू राहिलं. १८४० मध्ये मात्र साथ आली आणि लोक मरोळला गेले. तेव्हाचे व्हिकार जोसे लॉरेन्सो पैस यांनी चर्चही तिकडे हलवलं. मरोळचं सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट चर्च हे त्याच धर्मग्रामाचं नवं घर.

आता काळाचा विचार करा. रोगजंतूंचा सिद्धांत तेव्हा मान्य व्हायचा होता. रॉबर्ट कॉखने कॉलऱ्याचा जंतू ओळखला तो १८८४ च्या सुमारास, म्हणजे चाळीसेक वर्षांनी. धर्मगुरूच्या हातात ना औषध होतं, ना रोगाचं कारण. एका बाजूला अडीचशे वर्षांची वास्तू आणि दुसऱ्या बाजूला गाव सोडणारी माणसं. ते माणसांमागे गेले. ‘पास्टर’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ मेंढपाळ. मराठी प्रोटेस्टंट मंडळी ‘पाळक’ म्हणतात. कळप हलला की मेंढपाळालाही हलावं लागतं.

पण निष्कर्षाची घाई नको. ‘साथीमुळे चर्च सोडलं’ या एका वाक्यात तीन गोष्टी आहेत: साथ, स्थलांतर आणि चर्च हलवण्याचा निर्णय. प्रत्येकीला वेगळा पुरावा लागतो. इथे कामाला येतात त्या धर्मग्रामाच्या नोंदवह्या. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदी ठेवणं बंधनकारक केलं; दफनाच्या नोंदीही अनेक ठिकाणी ठेवल्या गेल्या. अशा वह्यांतून कोणत्या वर्षी मृत्यू वाढले, कुटुंबं कुठे गेली, हे मोजता येतं.

या निर्णयाची किंमतही होती. १९७३ मध्ये सीप्झ आलं आणि जुनं चर्च कुंपणाच्या आत गेलं. ईस्ट इंडियन समाज वर्षातून एकदा, मे महिन्यात, तिथे मिस्सासाठी जमत आला आहे. सोडलेली जागाही लोक विसरलेले नाहीत. म्हणजे आठवण सांभाळणं हीसुद्धा जबाबदारीच.

मार्च २०२० मध्ये प्रश्न उलटा झाला. मुंबईतली चर्चेस बंद झाली, मिस्सा मोबाइलवर आली. १८४० मध्ये धर्मगुरू लोकांबरोबर गेला. २०२० मध्ये लोकांपासून लांब राहणं हीच त्यांची काळजी होती.

त्यामुळे प्रस्ताव लिहिताना ‘धर्मगुरूंपुढे कोणती आव्हानं आहेत?’ एवढंच विचारू नका. ‘अमुक वर्षी, अमुक धर्मग्रामात, संकट आल्यावर धर्मगुरूने काय धरलं, काय सोडलं आणि त्याची नोंद कुठे आहे?’ असं विचारा. या प्रश्नाचं उत्तर शोधायला दप्तरखान्यात कुठली वही मागायची, हे तुम्हाला लगेच कळेल.