आर्चेस : दगडी कमानींचे वाळवंट

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना 'नेढे' हा शब्द नवा नाही. राजगडाच्या सुवेळा माचीवर किंवा रतनगडाच्या माथ्यावर कातळाला आरपार पडलेले भोक पाहण्यासाठी ट्रेकर मंडळी मोठी पायपीट करतात. अमेरिकेच्या युटा राज्यातील आर्चेस राष्ट्रीय उद्यानात अशी नेढी 2 हजारांहून अधिक आहेत. फरक असा की, आपला कातळ लाव्हारसातून थिजलेला बेसाल्ट, तर तिथला तांबूस वालुकाश्म. किमान 3 फूट रुंदीचे आरपार भोक असेल, तरच त्याची कमान म्हणून नोंद होते.

या कमानींचे मूळ जमिनीखालच्या मिठात आहे. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी येथे असलेला समुद्र वारंवार आटला आणि मिठाचे प्रचंड थर मागे राहिले. पुढे त्यांच्यावर गाळाचे खडक साचले. मीठ दाबाखाली हळूहळू वाहते. ते सरकत, फुगत गेले, तसे वरचे खडक उचलले गेले आणि त्यांना समांतर भेगा पडल्या. या भेगा पाण्याने रुंदावून उंच, अरुंद भिंती उभ्या राहिल्या. किंचित आम्लधर्मी पावसाचे पाणी वाळूचे कण सांधणारा चुना विरघळवते आणि हिवाळ्यात फटीत गोठलेले पाणी प्रसरण पावून दगडाचे ढलपे उडवते. कमानी वाऱ्याने कोरल्या हा समज लोकप्रिय असला, तरी खरा कारागीर पाणीच. तेही वर्षाकाठी जेमतेम 20 ते 25 सेंटिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात!

ज्या क्रियेने कमान घडते, त्याच क्रियेने ती कोसळतेही. 'लँडस्केप आर्च' ही सुमारे 93 मीटर लांबीची कमान सर्वांत नाजूक ठिकाणी अवघी 2 मीटरच्या आसपास जाड आहे. 1991 मध्ये तिचा सुमारे 18 मीटर लांबीचा तुकडा कोसळला. खाली बसलेले पर्यटक कडकडाट ऐकून पळाले म्हणून बचावले. तेव्हापासून तिच्या खालून जाणारी वाट बंद आहे. ऑगस्ट 2008 मध्ये 'वॉल आर्च' एका रात्रीत नाहीशी झाली. एकेकाळी 'डेलिकेट आर्च' टिकवण्यासाठी तिच्यावर प्लास्टिकचा लेप द्यावा, अशीही सूचना पुढे आली होती. सुदैवाने ती बारगळली.

हा परिसर 1929 मध्ये राष्ट्रीय स्मारक, तर 1971 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला. लेखक एडवर्ड ॲबी पन्नाशीच्या दशकात येथे रेंजर होते. 'डेझर्ट सॉलिटेअर' या 1968 च्या पुस्तकात त्यांनी मोटारींतून होणाऱ्या पर्यटनावर कडाडून टीका केली. आज मात्र प्रवेशद्वारापासून सुमारे 29 किलोमीटरचा डांबरी रस्ता आत जातो आणि बहुतेक पर्यटक मोटारीतूनच फिरतात. गर्दीमुळे 2022 ते 2025 या वर्षांत हंगामी महिन्यांत प्रवेशाची वेळ आगाऊ राखून ठेवावी लागे. हे नियम बदलत असल्याने निघण्यापूर्वी उद्यानाचे संकेतस्थळ पाहावे.

सॉल्ट लेक सिटीहून मोटारीने सुमारे 4 तासांत मोआब हे गाव लागते. उद्यान तेथून अगदी जवळ आहे. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ सोयीचा. उन्हाळ्यात पारा 38 अंशांपलीकडे जातो. 'डेलिकेट आर्च'ची वाट जाऊन-येऊन 4.8 किलोमीटर, आपल्या गडांच्या मानाने चढ किरकोळ, पण उघड्या खडकावर सावली जवळजवळ नाही. पाणी भरपूर न्यावे. उद्यानात खाद्यपदार्थ मिळत नाहीत.

आखलेली वाट सोडू नये, ही सूचना तर कसोशीने पाळावी. तेथील काळपट, खडबडीत माती म्हणजे सूक्ष्म जिवाणू, दगडफूल आणि शेवाळ यांनी विणलेला जिवंत थर असतो. वाळू जागच्या जागी धरून ठेवणे आणि ओल टिकवणे हे त्याचे काम. एका पावलाने मोडलेला हा थर पुन्हा भरून यायला कित्येक वर्षे, काही ठिकाणी दशके लागतात.