कचरा नव्हे, भंगार

साकीनाक्याच्या एका भंगारवाल्याला मी सहज विचारलं, 'हा कचरा कितीला घेतलास?' वायर सोलता सोलता त्याची सुरी थांबली. 'कचरा नाय साहेब, भंगार. कचरा काट्यावर चढत नाय.'

अगदी हीच फोड जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर यांनी १९९८ मध्ये डीएनएबद्दल केली होती: जंक आपण ठेवून देतो, कचरा फेकतो. 'जंक डीएनए' हे नाव रुजलं ते जनुकशास्त्रज्ञ सुसुमू ओहनो यांच्या १९७२ च्या लेखाने. आपल्या डीएनएपैकी जेमतेम २ टक्के भागात प्रथिनांची कृती असते. उरलेल्यातल्या बऱ्याचशा भागावर हा शिक्का बसला. मराठीत आपण त्याला बिनदिक्कत 'कचरा' म्हणतो. घोटाळा तिथेच.

इंग्रजी 'जंक' म्हणजे मुळात जहाजावरचा जुना दोर. चिनी गलबतालाही जंक म्हणतात, म्हणून काहीजण दोघांचं गोत्र एक मानतात. मला नाही पटत. गलबताचा जंक जावा-मलायातल्या 'जोंग'वरून पोर्तुगीजांच्या तोंडून आला. दोराचा शब्द इंग्रजीत त्याआधीच होता. दुसरं मत लॅटिन 'जुंकस'चं, म्हणजे लव्हाळ्याचं, कारण त्याचे दोर वळत. पुरावा तुटपुंजा, पण माझं मत त्याच पारड्यात. आणि हा दोर फेकत नसत! उसवून, डांबर लावून तो फळ्यांच्या फटींत ठोकत. फटी बुजवणं म्हणजे काय, ते होड्या राखणाऱ्या वेसाव्याच्या कोळ्यांना सांगायला नको.

डीएनएतल्या प्रथिनांची कृती नसलेल्या भागातूनही असंच काही कामाला लागतं, कधी वाईट कामालाही. उदाहरण जठराच्या कर्करोगाचं. एच१९ या जनुकापासून आरएनए बनतो, प्रथिन नाही. गर्भात तो जोरात असतो, जन्मानंतर बहुतेक अवयवांत गप्प. जठराच्या गाठीत पुन्हा जागा होतो. त्याच्यातूनच सुटणारा मिर-६७५ हा बारीक तुकडा गाठीला आवर घालणाऱ्या रनक्स१ला दाबतो. एच१९सारख्या, प्रथिन न बनवणाऱ्या आणि २०० अक्षरांहून मोठ्या आरएनएंना 'लांब' आरएनए म्हणतात. ती २०० अक्षरांची रेघही निसर्गाची नाही. प्रयोगशाळेत आरएनए गाळताना त्याहून आखूड तुकडे निसटायचे, म्हणून पडली. २००७ मध्ये सापडलेल्या अशा एका लांब आरएनएचं नाव तर 'हॉटएअर', इंग्रजीत पोकळ बाता! जठराच्या गाठींत तोही वाढलेला आढळतो.

म्हणून सगळंच जंक कामाचं, असं मात्र मी म्हणणार नाही. भंगारवाल्याच्या कोपऱ्यात फायबरच्या तुकड्यांची एक गोणी होती.

'तिला अजून गिऱ्हाईक नाय.'