नकाशा आणि नियमावली

विकास आराखडा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भिंतीवर लावलेला रंगीत नकाशा येतो. असा नकाशा पाहायला लोक गर्दी करतात आणि आपली जमीन कोणत्या रंगात आली, कुठून रस्ता गेला, हे बोटाने शोधतात. पण नकाशाच्या जोडीला एक पुस्तकही असते. त्याचे नाव विकास नियंत्रण नियमावली. घर किती उंच बांधायचे, शेजाऱ्यापासून किती अंतर सोडायचे, भूखंडावर किती चटई क्षेत्र मिळायचे, हे सारे त्यात असते. ते पुस्तक मात्र फारसे कोणी उघडत नाही. पनवेल परिसराचा गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांचा इतिहास पाहिला, तर माणसाच्या घरावर नकाशाइतकाच, कधी कधी त्याहून अधिक, परिणाम या नियमांनी केलेला दिसतो.

पनवेल हे जुने बंदर. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता गाड्यांना खुला झाला आणि मुंबईहून होडीने आलेला प्रवासी पनवेलला उतरून पुण्याची वाट धरू लागला. बैलगाडीच्या चाकांसाठी हे गाव प्रसिद्ध होते. नगरपालिकेची स्थापना १८५२ ची सांगितली जाते. भोवतालच्या गावांत भातशेती, मिठागरे आणि मासेमारी चाले. घरात माणसे वाढली की गावाच्या कडेला आणखी एक घर उभे राही. त्यासाठी नकाशा काढावा लागत नसे.

१९६६ मध्ये महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या परिसरात नवी मुंबई वसवायचे ठरले. १९७३ मध्ये विकास आराखड्याचा मसुदा निघाला, १९७५ मध्ये नियमावली आली आणि १९७९ मध्ये आराखड्याला शासनाची मंजुरी मिळाली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ च्या सुमारास मांडलेल्या कल्पनेला असे कागदोपत्री रूप आले.

या कागदांत एक रेषा होती, गावठाणाची. गावठाणातली घरे संपादनातून वगळली गेली, भोवतालची शेते मात्र गेली. रेषा जिथल्या तिथे राहिली आणि कुटुंबे वाढत गेली. खारघर, कामोठे, कळंबोली अशा गावांत मुलाचे लग्न झाले, वेगळी चूल मांडायची वेळ आली, की घर बांधायचे कुठे? ज्या जागेत आजोबांनी भात लावला, त्याच जागेत नातवाने भिंत उभारली, तर ती अनधिकृत ठरू लागली. ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ हा शब्दप्रयोग यातूनच रूढ झाला.

जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकरी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. तिचे शासन निर्णय १९९० आणि १९९४ चे आहेत.

आता जरा हिशेब करू. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. पण सामाजिक सुविधांसाठी त्यातले पावणेचार टक्के, म्हणजे दीड गुंठा, वजा होतो. हाती उरतात साडेतीन गुंठे, सुमारे ३५४ चौरस मीटर. त्यावर दीड चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे जवळपास ५३० चौरस मीटर बांधकाम. शिवाय १५ टक्के व्यापारी वापराची मुभा. नकाशावर यातले काहीच दिसत नाही. दीडच्या जागी एक असा आकडा असता, तर त्याच भूखंडावरचे बांधकाम एक तृतीयांशाने कमी झाले असते. हे गणित बिल्डरांना लवकर समजले. कित्येक शेतकऱ्यांनी मात्र भूखंड हाती येण्याआधीच आपला हक्क विकून टाकला होता.

इंग्लंडमध्ये २००४ च्या कायद्यानंतर स्थानिक परिषदा आराखड्याच्या जोडीला पूरक मार्गदर्शक पुस्तिका काढू लागल्या. घराला खोली कशी वाढवावी, जुन्या वस्तीत नवे बांधकाम कसे शोभावे, हे त्यांत समजावून सांगितलेले असते. त्यांना आराखड्याइतके वजन नसते, पण परवानगी देताना त्यांचा विचार करावा लागतो. आपल्याकडची नियमावली ही नुसती मार्गदर्शक पुस्तिका नव्हे. तिला कायद्याचे बळ आहे, आणि म्हणूनच ती सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत सांगितली जाणे अधिक गरजेचे आहे.

पुढच्या घडामोडी याला दुजोराच देतात. २०१३ मध्ये विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ क्षेत्राचे नियोजन सिडकोकडे आले. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली आणि २९ गावे तिच्यात आली. २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित नियमावली मंजूर झाली, पण ‘नैना’ तिच्यातून वगळले गेले. नैनातल्या नगररचना परियोजनांत मालकाला साधारण ४० टक्के जमीन विकसित भूखंडाच्या रूपाने परत मिळते, त्यावर शेतकऱ्यांनी हरकती घेतल्या. गरजेपोटीची घरे नियमित करण्याचा शासन निर्णय २०२२ मध्ये निघाला. पहिल्या आराखड्याच्या मसुद्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी!

गावठाण किती वाढेल, याचा विचार आरंभीच नियमांत झाला असता, तर एवढ्या दुरुस्त्या कराव्या लागल्या नसत्या. कायद्याने आराखड्याच्या मसुद्यावर हरकती व सूचना देण्याचा अधिकार प्रत्येकाला दिला आहे. मुदत थोडी असते. त्या मुदतीत नकाशा जरूर पाहावा, पण तेवढ्यावर घरी परतू नये. शेजारचे पुस्तकही मागून घ्यावे आणि आपल्या नातवाला घर बांधता येईल का, हे त्यात शोधावे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)